झनझन डॉक्टर

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, लग्नाआधी तू नोकरी करायचीस म्हणे. कुठे?" मी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि मग दिवसभर मला स्वतःचाच राग येत राहिला. त्या नोकरीला दोन वाक्यं कशी पुरतील? म्हणून आज लिहायला बसले आहे. माझी सवय तुम्हाला माहीत आहे, मी आधी समास आखते, मग लिहिते. आजही आखले आहेत. पण ज्यांच्याबद्दल लिहायचं ते स्वतः समासात राहणारे नव्हते, तेव्हा गोष्टी मागेपुढे झाल्या तर चालवून घ्या.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. हिंगणघाटात त्यांना नावाने हाक मारणारं कोणी नव्हतंच. सगळे म्हणायचे, झनझन डॉक्टर. त्यांच्या कोटाच्या खिशात कायम एक ट्यूनिंग फोर्क असायचा, म्हणजे दोन लांब बोटांचा पोलादी चिमटाच म्हणा. तो ते स्वतःच्या गुडघ्यावर आपटत आणि थरथरत असतानाच समोरच्याच्या घोट्याच्या हाडावर टेकवत. "वाजते का?" हा त्यांचा नमस्कार होता. पोस्टमनला, जिनिंग कारखान्याच्या मुनीमाला, भाजीवालीला, सगळ्यांना. घोट्यात झिणझिण जाणवली की माणूस हसे आणि डॉक्टर पुढे जात. एखादा म्हणाला, "कायची झनझन जी? काईच नाई," की डॉक्टर तिथेच रस्त्यात बसकण मारून त्याची वहाण काढायला लागत.

हे पन्नासचं दशक. माझे वडील तिथल्या शाळेत हेडमास्तर होते आणि मी नागपूरहून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. डॉक्टर एका सकाळी आमच्याकडे आले. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. माझ्या पायांकडे पाहत म्हणाले, "बाई, तुमची डाव्या पायाची चप्पल टाचेपाशी झिजली. जोर तिकडं देता तुम्ही." मग वडिलांकडे वळले. "गुरुजी, मले दोन कामं करनारं मानूस पाह्यजे. एक म्हंजे अक्षर वाचता आलं पाह्यजे. दुसरं, माहं चुकलं तं तोंडावर सांगता आलं पाह्यजे."

"दुसरं काम ती घरी रोज करते," वडील म्हणाले.

अशी मला नोकरी लागली.

डॉक्टरांचा शोध साखरेच्या आजारावर, म्हणजे मधुमेहावर होता. त्यातही त्याच्या पायांवर. साखर वाढली की वर्षानुवर्षांनी पायांच्या नसा बधिर होतात, पाय बहिरा होतो. काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि शेवटी पाय कापायची वेळ येते. आज हे तुम्हाला कोणतीही नर्स सांगेल. पण तेव्हा आमच्याकडे माणूस पाय सडल्यावरच दवाखान्यात यायचा. डॉक्टरांना तो बहिरेपणा आधीच पकडायचा होता. कुठून सुरू होतो, किती वर चढतो, दोन्ही पायांना सारखाच चढतो का, याचे ते नकाशे काढत. "डोक्याकडं पाह्यले सारी दुनिया हाय, पायाकडं कोन पाह्यते?" असं म्हणत.

नकाशाचं साहित्य म्हणजे जिनिंगमधून आणलेला कापूस. त्याची बारीक वात वळायची, रोग्याला डोळे मिटायला सांगायचं आणि वात पायावर टेकवत अंगठ्यापासून वर यायचं. जिथे "लागलं" म्हणेल तिथे निळीच्या पाण्याने रेघ. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, "डाक्तर पायाले वात लावते व माय!" रोज जेवल्यानंतर ते स्वतः डोळ्यांना पंचा बांधून दवाखान्याच्या अंगणात अनवाणी चालत. पायाला न बघता काय काय कळतं, ते मी लिहून घ्यायचं. "गोटा. ऊन. ओल. मुंगी. बाई, लिवा, मुंगी. काय नसा दिल्या हायेत देवानं!" असं ओरडत ते एकदा थेट तुळशी वृंदावनावर आदळले. तेही मी लिहून घेतलं.

माझी सकाळ रंगांची असे. बेनेडिक्टचं निळं द्रावण नळीत घ्यायचं, त्यात रोग्याच्या लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि साखर भरपूर असली तर पक्क्या विटेसारखं लाल. नळी रंग बदलू लागली की डॉक्टर दुसऱ्या खोलीतून धावत यायचे. आयुष्यात हजार वेळा पाहिलेली गोष्ट हा माणूस दर वेळी पहिल्यांदा पाहत असल्यासारखी पाहायचा.

आणि त्यांची चूक कोणी काढली, तर टेबलाच्या खणातून एक संत्रं काढून त्याला द्यायचे. संत्र्यांचा हंगाम नसला तर पेरू. मला सहा महिने एकही मिळालं नव्हतं. मी नम्रतेने गप्प बसायचे. मला वाटायचं, हा चांगुलपणा आहे.

आता ती गोष्ट सांगते जिच्यासाठी लिहायला बसले.

एक शेतकरी दवाखान्यात आला, दाराशीच उभा राहिला आणि म्हणाला, "कोनाले सांगू नका जी." वणा नदीच्या काठच्या एका गावाचा होता. त्याची बायको पार्बती. कापूस निघून गेल्यावर उरलेल्या पऱ्हाटीचं धसकट तिच्या तळपायात घुसलं होतं. ती ते घेऊन दिवसभर शेतात फिरली आणि संध्याकाळी तिच्या सासूला रक्ताची पावलं दिसली, तेव्हा कुठे कळलं. जखम भरेना. मग सासूने तिच्या पायाला जळती उदबत्ती लावून पाहिली. ती हलली नाही.

त्या काळी आमच्या भागात बधिर पाय आणि न दुखणारी जखम याचा एकच अर्थ लोकांना माहीत होता, महारोग. म्हणजे कुष्ठरोग. पार्बतीचं ताट वेगळं झालं, बाज गोठ्यात गेली आणि चुलीला शिवायची बंदी झाली. पुढच्या सोमवारी छकड्यात घालून तिला कुष्ठधामात कायमचं सोडून यायचं ठरलं होतं.

"आई म्हनते, घरात पोट्टी लग्नाची हाय," तो म्हणाला. "मी काय करू जी?"

डॉक्टरांनी एकच विचारलं, "पार्बती लघवीले जाते तिथं मुंग्या लागतात का?"

माणूस गोंधळला. "लागतेत जी. गोठ्याच्या मांगं रांग लागते."

डॉक्टर ताडकन उठले. खुर्ची मागे पडली. "काळ्या का लाल?"

"ते नाई पाह्यलं जी."

"नसन पाह्यलं, चालन! बाई, नळ्या घ्या, दिवा घ्या, वात घ्या! ती महारोगी नाई, बाई, ती गोड हाय!"

अर्ध्या तासात आम्ही त्याच्याच छकड्यात होतो. दवाखान्याचा मायक्रोस्कोप लागेल म्हणून गोधडीत गुंडाळून मी मांडीवर घेतला होता, आणि खड्डा आला की डॉक्टर माझ्याऐवजी मायक्रोस्कोपला धरत होते.

गोठ्यात पार्बती बाजेवर बसली होती. पस्तिशीची, उंच, अगदी शांत. आम्हाला पाहून उठली, लंगडत गेली आणि स्वतःच्या वेगळ्या काढलेल्या गडव्यातून दोन पेल्यांत पाणी घेऊन आली. डॉक्टर घटाघटा प्यायले. मी म्हटलं, "तहान नाही." ऊन रणरणत होतं आणि माझा घसा सुकला होता. तिने पेला परत नेला. इंग्रजी पुस्तकांतून जंतू कसे पसरतात ते मी पाठ केलं होतं, आणि पाण्याच्या पेल्यातून हा रोग येत नाही हेही मला माहीत होतं. तरी मी तसं केलं. हे तुमच्यापासून लपवणार नाही.

अंगणात अर्धं गाव जमलं. दिवा पेटला, नळी तापली. निळं, हिरवं, पिवळं, आणि मग भसकन विटेसारखं लाल. मग डॉक्टरांनी माझ्या, स्वतःच्या आणि पार्बतीच्या नवऱ्याच्या नळ्या करून दाखवल्या. तिन्ही निळ्या राहिल्या. त्यानंतर वात. पार्बतीच्या दोन्ही पायांवर निळीच्या रेघा बरोब्बर एकाच उंचीवर आल्या, तिच्या तोरड्या जिथे टेकत होत्या तिथे. "पाहा!" डॉक्टर नाचत होते. "महारोग एका पायाले धरते, एखाद्या चट्ट्याले धरते. हे दोन्हीकडं सारखं चढलं. ही साखर हाय, साखर!"

लोक माना डोलवू लागले. तेवढ्यात ओट्यावरून सासू बोलली. गावात सगळे तिला बुढी म्हणत. बारीक, काटक, सुपारी कातरत बसलेली.

"साखर हाय, मानलं," बुढी म्हणाली. "पन डाक्तर, साखरवाल्या मानसाले महारोग होतच नाई, असं कोठं लिवलं हाय?"

मला वाटलं, आता डॉक्टर चिडतील. त्यांनी डोळे मोठे केले, पिशवीत हात घातला, संत्रं काढलं आणि ओट्याकडे जाऊन दोन्ही हातांनी बुढीपुढे धरलं.

"आजी, असा सवाल मले दहा वर्षांत कोनी केला नाई. नाई लिवलं. कोठंच नाई लिवलं! दोन्ही असू शकते."

"मंग?" बुढीने संत्रं घेतलं नाही. "मले डोयानं दिसन असं काई दाखवा."

आणि इथे उत्साहाच्या भरात डॉक्टरांनी आयुष्यातला सर्वांत घाईचा सौदा केला. "सहा आठवडे द्या. साखर आटोक्यात आनतो आन जखम भरून दाखवतो. भरली तं साखरेची. मंग चूल तिची."

"अन नाई भरली तं मी छकडा जुपते," बुढी म्हणाली. आता तिने संत्रं घेतलं.

पार्बतीला आम्ही दवाखान्यात आणलं. तिच्या कानाच्या पाळीतून थेंब घेऊन मी काचपट्ट्या रंगवल्या आणि दोन दिवस खिडकीच्या उजेडात मायक्रोस्कोपला डोळा लावून लाल काड्यांसारखे कुष्ठाचे जंतू शोधले. एकही सापडला नाही. मी नाचतच सांगायला गेले. डॉक्टर म्हणाले, "मस्त! पन नाई सापडले म्हंजे नाईच, असं नाई ना बाई." कोपराच्या नसा चाचपल्या, जाड नव्हत्या. अंगावर चट्टा नव्हता. सगळं साखरेकडे बोट दाखवत होतं, पण बुढीला डोळ्यांनी दिसेल असं त्यात काहीच नव्हतं. तिच्यासाठी जखमच भरायला हवी होती.

दहा दिवस पेनिसिलिन, रोज जखम धुणं आणि इन्सुलिन. इन्सुलिनची बाटली आम्ही माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायचो. सुई टोचायला पार्बतीचा नवरा वांग्यावर शिकला. त्या आठवड्यात दवाखान्यातल्या प्रत्येक वांग्याला भोकं होती. नळी लालवरून नारिंगी, नारिंगीवरून पिवळी आणि एका सकाळी हिरवी झाली, तेव्हा मी आणि पार्बती एकमेकींचे हात धरून हसत सुटलो. त्या दिवशी मी तिच्याच गडव्यातलं पाणी मागून घेतलं. ती म्हणाली, "आता तहान लागली वाट्टे बाईंले." एवढंच. पण सगळं बोलली ती.

साखर उतरत होती, तरी जखम पुरती मिटत नव्हती. ती चालायची आणि जखम पुन्हा उघडायची. डॉक्टर हैराण झाले. एके दिवशी सायकल काढून कुष्ठधामात गेले आणि परतले ते लाल तोंडाने, ओरडतच. "बाई! सापडलं! त्यांच्या रोग्यांच्या पायाले ते प्लास्टर बांधतेत! हाड मोडल्यावर बांधतो तसं. आतल्या आत भार वाटला जाते आन जखम मिटते! तिथं मी डोयानं पाह्यलं!"

प्लास्टर बांधलं. पार्बती ठकठक करत चालू लागली. आणि त्या दिवशी वही लिहिता लिहिता माझ्या हातातली लेखणी थांबली.

"डॉक्टरसाहेब, ही पद्धत कुष्ठरोग्यांची ना? त्यांच्या जखमा याने भरतात?"

"भरतात ना!"

"मग हिची भरली, तर ती साखरेचीच, असं कसं म्हणणार? सौदाच चुकला आपला."

ते माझ्याकडे, पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे, पाहत राहिले. मग टेबलाच्या खणाशी गेले. माझं पहिलं संत्रं! पण ते हातात घेताच मला भीती वाटली, कारण त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं, हा माणूस हे बुढीला सांगणार.

"सांगू नका," मी म्हटलं. "तुमची खात्री आहे, माझी आहे. जखम भरली की तिचं घर तिला परत मिळतंय. एवढं एक खरं बोलण्यापायी तिला पुन्हा गोठ्यात टाकाल?"

"त्या बुढीनं मले खरा सवाल केला, बाई."

"पण किंमत पार्बती देईल, तुम्ही नाही."

ते बराच वेळ चिमटा गुडघ्यावर आपटत बसले. "हे मात्र तुमचं बरोबर हाय," म्हणाले. मग उठून बाहेर गेले आणि ओसरीवर बसलेल्या पार्बतीला त्यांनी सगळं सांगितलं, अगदी माझ्या शब्दांसकट. निर्णय तिच्यावर सोपवला. ती म्हणाली, "सांगा जी. सासू हुशार हाय माही. उद्या तिले दुसऱ्या कोनाकडून समजलं, तं मले जिवंतपनी माफ करनार नाई."

सहा आठवडे भरले. छकडा पुन्हा त्या गावात गेला. अंगणात पहिल्यापेक्षा जास्त माणसं. बुढी ओट्यावर. बैल गोठ्यापाशी बांधलेले, आणि मला ते जुपायला तयार असल्यासारखे दिसत होते. डॉक्टरांनी करवतीने प्लास्टर कापलं. पांढरी भुकटी उडाली. दोन्ही हातांनी त्यांनी ते फाकवलं आणि पाय बाहेर आला. सुरकुतलेला, फिकट, आणि तळव्यावर गुलाबी, बंद, कोरडी कातडी!

लोक ओरडले. पार्बतीच्या नवऱ्याने डोक्यावरचा पटका काढून त्यात तोंड लपवलं. बुढी खाली उतरली, वाकली, बोटाने तळवा दाबून पाहिला. "भरली," म्हणाली.

"आजी, थांबा," डॉक्टर म्हणाले. "सौदा मीच चुकीचा केला होता. ज्या प्लास्टरनं ही भरली, त्यानं महारोग्याचीही जखम भरते. मले वाटते हे साखरेचंच हाय. जंतू सापडले नाई, नसा जाड नाई, चट्टा नाई. पन जखम भरली म्हनून महारोग नाई, असं मले म्हनता येत नाई."

पार्बतीचा नवरा किंचाळलाच, "काऊन सांगून राह्यले जी तुमी हे आता!"

बुढी वाकलेलीच होती. सुनेचा पाय तिच्या हातात होता. "म्हंजे महारोग्याचाही पाय असाच भरते?"

"असाच."

"मानूस चालू लागते?"

"लागते. आता गोळ्याही निघाल्या हायेत. रोग बरा होते."

बुढी हळूहळू उभी राहिली. पदराने हात पुसले नाहीत, मी नीट पाहिलं. सगळ्या गावाकडे एकदा बघून ती म्हणाली, "भरते, चालते, बरा होते. मंग महारोग्याले तरी आपन काऊन हाकलून राह्यलो?"

डॉक्टरांचा हात पिशवीत संत्रं चाचपत होता आणि डोळ्यांतून सरळ पाणी वाहत होतं.

बुढी सुनेकडे वळली. "अन तू काय व बसून राह्यली पाटलिनीवानी? डाक्तर उपाशी हायेत, बाई उपाशी हाय. ऊठ. चूल पेटव!"

पार्बती उठली. नवी चामड्याची वहाण डॉक्टरांनीच करून आणली होती, पण सवयीने ती उंबऱ्याशी काढून ठेवून अनवाणी आत गेली. आतून काटक्या मोडल्याचा आवाज आला, मग धूर आला, मग ज्वारीच्या पिठावर हाताची थापथाप. आम्ही बायका दारात गर्दी करून नुसत्या बघत होतो.

एकाएकी डॉक्टर ओरडले, "पाय! तिचा पाय!" आणि गर्दीतून घुसून आत धावले. पार्बतीचा उघडा पाय जाळापासून वितभर अंतरावर होता आणि तिला काही कळत नव्हतं. डॉक्टरांनी धप्पदिशी बसकण मारली, तिच्या पायाच्या आणि चुलीच्या मधोमध. कोट अंगात, पाठ जाळाकडे, घामाच्या धारा. तसेच बसून ते तिला पऱ्हाटीची धसकटं, वहाणा, सकाळ-संध्याकाळ तळवे डोळ्यांनी कसे तपासायचे, हे सगळं भराभरा सांगू लागले. पार्बती त्यांच्या खांद्यावरून भाकरी तव्यावर टाकत होती.

"आता काय म्हनावं," बुढी दारातून म्हणाली. "चूल तिले देल्ली, तं हे डाक्तरच तिथं जाऊन बसले. उठा जी, भाजून जासाल!"

"तिच्या पायाले कळत नाई ना आजी," डॉक्टर म्हणाले. "तिची सवय होयेपर्यंत मी कळवतो त्याले."

आणि शेवटची भाकरी उतरेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.